मागणारा, तीन अक्षरी

दुपारी अडीचनंतर आमच्या खिडकीवरची गर्दी ओसरायची. डोक्यावर 'चौकशी' अशी पाटी, पाटीखाली काच, काचेला बोलण्यापुरतं गोल भोक, आणि काचेच्या आत मी. अकरा वर्षं. त्या अर्ध्यापाऊण तासात मी पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसायचे, पेनाने, कारण पेन्सिलीने सोडवलेलं कोडं मला अर्धवट सोडवल्यासारखं वाटतं. तर एका दुपारी आडवा शब्द आला, 'मागणारा', तीन अक्षरी. मी क्षणभरही न थांबता 'याचक' लिहून टाकलं. मग उभे शब्द घ्यायला लागले तर पहिल्या घरातून खाली 'माघार' उतरत होता, त्याबद्दल शंकाच नव्हती, आणि तिसऱ्या घरात वरून 'कारण' येऊन संपत होता. म्हणजे मा, मग काहीतरी, मग ण. मधलं घर मला काही केल्या भरता येईना. दुसऱ्या दिवशी उत्तर छापून आलं, मार्गण.

हा शब्द मी तोपर्यंत ऐकलाच नव्हता. घरी जाऊन कोश काढला आणि त्या रात्री झोपायला उशीर झाला. मार्गण म्हणजे शोध, मार्गण म्हणजे शोधणारा, मार्गण म्हणजे याचक, आणि मार्गण म्हणजे बाणसुद्धा. आपला रोजचा 'मागणे' याच घरातला, संस्कृतातल्या मार्ग् धातूवरून घरंगळत आलेला, आणि त्या धातूचा अर्थ आहे शोधणे, माग काढणे. म्हणजे मागणारा हा मुळात हात पसरून बसलेला माणूस नव्हताच, तो शोधत निघालेला माणूस होता. अमरकोशात मागणाऱ्यासाठी पाच शब्द एका ओळीत ओवलेत, 'वनीयको याचनको मार्गणो याचकार्थिनौ'. वनीयक, याचनक, मार्गण, याचक, अर्थी. पाचही एकाच अर्थाचे म्हणून दिलेत, पण जरा कान देऊन ऐकलं तर पाच वेगळी माणसं रांगेत उभी दिसतात. वनीयकात वन् धातू, त्यात आवड आणि ओढ आहे. याचकात सरळ विनवणी. अर्थी म्हणजे ज्याचा काही हेतू आहे, ज्याला काही हवंय. आणि मार्गण तो, जो वाट काढत इथपर्यंत आलाय.

बाण आणि याचक या दोन अर्थांवर जुन्या कवींनी सुंदर खेळ केलाय. एक सुभाषित आहे, 'अपूर्वेयं धनुर्विद्या भवता शिक्षिता कुतः। मार्गणौघः समभ्येति गुणो याति दिगन्तरम्॥' राजाला विचारलंय की ही कसली जगावेगळी धनुर्विद्या, कुठून शिकलास? एरवी बाण लांब जातो आणि दोरी धनुष्याला राहते, तुझ्याकडे मात्र मार्गणांचे थवेच्या थवे चालत येतात आणि गुण दिशांच्या पार टोकाला जातो. गुण म्हणजे धनुष्याची दोरी आणि गुण म्हणजे गुणही. श्लेष म्हणून तर छान आहेच पण मला त्यात वेगळंच काहीतरी लागलं, की मागणाऱ्याला बाणाचं रूप द्यावंसं कुणाला तरी वाटलं होतं. बाण दीनवाणा नसतो. त्याला दिशा असते, टोक असतं, कुणीतरी ताण सोसून तो सोडलेला असतो.

आता जे सांगणारे ते सांगायला मला जड जातं, पण हा सगळा लेख त्याच्यामुळेच लिहितेय.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षातली गोष्ट. एक आजोबा आले, हातात घडी पडून पडून कापडासारखा झालेला कागद. कुठला फॉर्म, कुठे द्यायचा, सोबत काय जोडायचं, मी सांगितलं. ते गेले. दहा मिनिटांनी परत आले, तेच विचारलं, मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा आले तेव्हा रांग दारापर्यंत गेली होती आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'आजोबा, किती वेळा तेच तेच विचारताय?' आवाजही चढला असणार कारण रांगेतले चारदोन जण हसले. आजोबांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, 'चुकलं बाई. मागायला नव्हतो आलो. विचारायलाच आलो होतो.' आणि उत्तर न घेताच गेले. मी खिडकी सोडून उठू शकत नव्हते, म्हणजे उठू शकले असते खरंतर, पण उठले नाही. ते परत कधी दिसले नाहीत.

'मागायला नव्हतो आलो, विचारायला आलो होतो.' हे वाक्य माझ्या डोक्यात अजून आहे. त्या माणसाला, त्या क्षणी, आपण नक्की कोण आहोत हे सांगण्यासाठी मराठीतली ही दोन क्रियापदं वेगळी करावी लागली. आणि आपल्या भाषेत ती वेगळी आहेतच. इंग्रजीत एका 'आस्क'मध्ये दोन्ही बसतात, प्रश्नही आणि मागणीही. अरबीतून आलेल्या सवालातही मुळात दोन्ही आहेत, म्हणून तर उर्दूत सवाली म्हणजे विचारणाराही होतो आणि दारात हात पसरून उभा राहिलेलाही. मराठीने सवाल घेतला पण त्यातलं मागणं बाहेर ठेवलं, आपला सवाल निव्वळ प्रश्न. मागणे इकडे, विचारणे तिकडे. विचारणे तर थेट विचारातून आलेलं, आधी मनात फिरवलं आणि मग तोंडाने बाहेर काढलं असा त्याचा बाज. म्हणजे विचारणाऱ्याकडे निदान विचार तरी आहे, आणि मागणाऱ्याकडे? मागणाऱ्याकडे काहीच नाही, असं आपण नकळत धरून चालतो. आजोबांना तेच नको होतं.

मागणाऱ्याच्या वाट्याला मराठीत फार कडू शब्द आलेत. भिकारी हा शब्द घ्या. ज्याच्यावरून तो आला त्या भिक्षेचं मूळ भज् धातूच्या इच्छार्थक रूपात आहे, म्हणजे वाटा मिळावा अशी इच्छा. वाटा! आपला हिस्सा! त्याच मुळातून तीन माणसं निघाली, भिक्खू, भिक्षुक आणि भिकारी. पहिल्यापुढे आपण वाकतो, दुसऱ्याला आदराने बोलावतो आणि तिसऱ्याला काच खाली न करता पुढे पाठवतो. एवढ्यावर भागलं नाही म्हणून आपण त्याचं विशेषणही केलं, भिकार. भिकार नाटक, भिकार हवा, भिकार कल्पना. ज्याचा हातसुद्धा कुणापुढे पसरलेला नाही अशा हवेलाही आपण मागणाऱ्याच्या नावाने शिवी देतो, हे एकदा लक्षात आल्यापासून तो शब्द माझ्या तोंडी येत नाही.

याबाबतीत आपल्या संतांचंही एकमत नाही. तुकोबा म्हणतात, 'भिक्षापात्र अवलंबणें। जळो जिणें लाजिरवाणें॥' जळो असलं जगणं. आणि त्यांच्याच काळातले रामदास दासबोधात भिक्षेवर अख्खा समास लिहितात, मागत फिरण्याने माणसं कळतात, घरं कळतात, 'भिक्षामिसें लहानथोरें परीक्षून सोडावीं' म्हणतात. रामदासांचा मागणारा हा जवळजवळ पाहणी करणारा माणूस आहे, दारात उभा राहून तो आतलं घर वाचतो. मी दोघांचं पटवून घेऊ शकते. लाज वाटते हेही खरं, आणि मागायला गेल्याशिवाय माणूस कळत नाही हेही तितकंच खरं. खिडकीच्या आतून मलाही हे कळलं की देणाऱ्याला वाटतं आपण मागणाऱ्याला बघतोय, पण तो आपल्याला त्याहून बारकाईने बघत असतो. साहेब आज कुठल्या मूडमध्ये आहेत हे शिपायाच्या आधी रांगेतल्या माणसाला कळतं.

लाजेवरून आठवलं. 'भीड भिकेची बहीण' अशी आपली म्हण आहे आणि ती मला फार शहाणी वाटते. जो भिडेपोटी बोलत नाही त्याच्यावरच पुढे मागायची पाळी येते. वेळेवर विचारलं असतं तर नंतर मागावं लागलं नसतं, हे मी दर आठवड्याला बघत होते. मुदत संपल्यावर येणारी माणसं, आधी का नाही विचारलंत म्हटलं तर, 'म्हटलं कशाला त्रास द्या.' आणि दुसरी म्हण ताकाला जाऊन भांडं लपवण्याची. हा माणूस तर मी शेकड्यांनी पाहिला. येतो, हवापाण्याचं बोलतो, 'सहज आलो होतो' म्हणतो, तीन वाक्यं इकडची तिकडची, आणि जाता जाता, अगदी पाठ वळवल्यावर, 'हां, ते एक होतं बघा...' ते एकच होतं. त्याच्यासाठीच आला होता. सुरवातीला मला राग यायचा, वेळ घालवतात म्हणून. नंतर नंतर मी त्याच्या पाठ वळवण्याची वाट बघायला शिकले.

आणि मागण्याच्या तऱ्हा तरी किती! शब्द टाकणे यातली मला सगळ्यात आवडते. 'जरा तुमच्याकडून शब्द टाका' म्हणतात तेव्हा त्यात मागणाऱ्याची मान ताठ राहते, शब्दाला वजन आहे आणि तो तोलून मापून टाकायचाय असं त्यात गृहीत आहे. खडा टाकून बघणे हे त्याचं धाकटं भावंड, लागला तर लागला. गळ घालणाऱ्याला नाही म्हणणं कठीण जातं, प्रेमाचा माणूसच गळ घालतो. साकडं घालतात ते देवाला किंवा ज्याला त्या वेळेपुरतं देव मानलंय त्याला. आर्जव करणारा मऊ असतो, मनधरणी करणारा चिकाटीचा. टुमणं लावणारा, लकडा लावणारा, तगादा लावणारा, हे तिघं एकाच गल्लीतले असले तरी टुमण्यात लहान मूल आहे, लकड्यात घरचं माणूस आहे आणि तगाद्यात देणं थकलेलं आहे. पदर पसरणे. हे कुणी केलं की ऐकणाऱ्याने मान खाली घालावी. आणि तोंड वेंगाडणे, हा शब्द तर मागणारा स्वतःबद्दल कधीच वापरत नाही, वापरला तर 'मी काही तोंड वेंगाडणार नाही' असा नकारातच. म्हणजे शब्दकोशात हे सगळे शेजारी शेजारी लावता येतील, पण कुठला शब्द कोण कुणाबद्दल बोलतंय हे बघितल्याशिवाय त्याची खरी छटा दिसत नाही. आपण स्वतः मागतो तेव्हा विनंती करतो, आपल्याकडे मागतात तेव्हा ते मागे लागतात.

कागदोपत्री भाषेने मात्र इथे एक चांगलं काम केलंय असं मी म्हणेन, आणि सरकारी मराठीबद्दल चांगलं बोलायची वेळ फारशी येत नाही म्हणून मुद्दाम म्हणते. बघा, याचक हा शब्द आपण कुणाला तोंडावर लावणार नाही. पण त्याच धातूपासून याचिका झाली, आणि याचिकाकर्ता झाला की तोच माणूस थेट सरकारला कोर्टात उभं करतो. मूळ एकच, मागणे. फक्त आता तो दयेवर मागत नाहीये. अर्जदाराचंही तसंच, अर्ज हा अरबी शब्द, त्यात पुढे मांडणे, सादर करणे असा अर्थ आहे, म्हणजे अर्जदार आपलं म्हणणं मांडतो, बस्स. उमेदवार फारसीतून आलेला, उमेद धरून असलेला. पूर्वी पगार न घेता काम शिकायला राहायचे त्याला उमेदवारी करणे म्हणत, आता निवडणुकीला उभे राहतात ते उमेदवार, पण आत उमेद तीच. फिर्यादी हा फिर्याद करणारा, आणि फिर्याद म्हणजे फारसीत मदतीसाठी मारलेली हाक. पोलिसात 'फिर्यादीचा जबाब' असं कोरड्या आवाजात वाचतात तेव्हा त्या शब्दाच्या पोटात एक हाक दबलेली आहे हे कुणाच्या लक्षात येत नसेल.

आणि अमरकोशातला तो पाचवा, अर्थी. तो तर घरोघरी आहे. विद्यार्थी म्हणजे विद्या मागणारा. परीक्षार्थी, शरणार्थी, प्रशिक्षणार्थी. प्रार्थनेतही तोच अर्थ् धातू आहे, पुढे 'प्र' लागला एवढंच. जुन्या न्यायशास्त्रात दावा लावणारा तो अर्थी आणि त्याला उत्तर देणारा प्रत्यर्थी. लाभार्थी या शब्दाबद्दल मात्र माझं मत बरं नाही. लाभ मिळाल्यावर, यादीत नाव लागल्यावर, फोटो काढल्यावरही माणूस लाभार्थीच राहतो, लाभ हवा असलेला, मिळालेला कधी होतच नाही. शब्द त्याला कायम मागत ठेवतो.

2005 साली माहितीचा अधिकार आला तेव्हा आमच्या ऑफिसात एक ट्रेनिंग झालं होतं. त्यात सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी विसरले, पण एक गोष्ट मनात घुसली ती अशी की कलम 6 च्या पोटकलम 2 प्रमाणे माहिती मागणाऱ्याला कारण विचारता येत नाही. तुम्हाला हे कशाला हवंय, हा प्रश्नच बंद. 30 दिवसांत उत्तर द्यायचं, आणि कुणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तासांत. ट्रेनिंगमध्ये पुष्कळांना ते कारणाचं कलम खटकलं, मला मात्र आजोबा आठवले. आणि भाषेच्या अंगाने बघाल तर इथे एक गंमत झालीये, आपण 'माहिती विचारतो' असंही म्हणतो आणि 'माहिती मागतो' असंही. कायद्याने मागतो हे क्रियापद घेतलं. म्हणजे ज्या दोन क्रियापदांना आजोबांनी एवढं जपून वेगळं केलं होतं ती माहितीच्या दारात परत एकत्र आली, आणि या वेळी मागण्यात लाज नव्हती.

आता विचारणाऱ्याकडे वळते, कारण तो तरी सुटला असं कुठे आहे. विचारणाऱ्यासाठी सगळ्यात उंच शब्द जिज्ञासू. जाणण्याची इच्छा असलेला. कोण जिज्ञासू असतो? जो व्याख्यानानंतर उभा राहून विचारतो तो. तेच त्याने जिन्यात शेजाऱ्याला विचारलं तर चौकस. जरा जास्त विचारलं तर खोदून खोदून विचारणारा. बाईने विचारलं तर भोचक. लहान मुलाने विचारलं तर आगाऊ, आणि हाताखालच्याने साहेबाला विचारलं तर शंकेखोर. मी हे उगाच म्हणत नाहीये, एकच प्रश्न, 'हे असं का?' वेगवेगळ्या तोंडातून आला की त्याला वेगवेगळं नाव पडताना मी अकरा वर्षं ऐकलंय. प्रश्नात काही बदललेलं नसतं, ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी किती हे बदललेलं असतं. पृच्छक हा शब्द तर ज्योतिषाच्या पुस्तकांतच अडकून पडलाय, तिथे प्रश्न घेऊन आलेल्याला पृच्छक म्हणतात, बाहेर तो फिरकतच नाही. तसा तो आपल्या पुसण्याचा नातेवाईक. पृच्छा, प्रश्न, पुसणे, हिंदीतलं पूछना, सगळे प्रच्छ् धातूची लेकरं. जुन्या मराठीत विचारायला पुसणे हाच सरसकट शब्द होता, आता गावाकडच्या बोलण्यात किंवा ओवीत भेटतो. त्याचं जुळं जे फडक्याने पुसणे ते मात्र जोरात चालू आहे. मूळ वेगळं पण उच्चार एक. वाट पुसणारा आणि डोळे पुसणारा, ऐकायला एकाच घरचे वाटतात.

आणि चौकशी! माझ्याच डोक्यावरची पाटी. 'त्यांनी तुझी चौकशी केली' म्हटलं की छातीत ऊब येते, 'त्याची चौकशी चालू आहे' म्हटलं की पोटात गोळा. एकच शब्द. माझ्या खिडकीशी पहिल्यांदा येणाऱ्या पुष्कळ माणसांच्या चेहऱ्यावर दुसऱ्या अर्थाची भीती असायची, जणू चौकशी ते करणार नसून त्यांचीच होणारे. आणि खरं बोलायचं तर बहुतेक वेळा तसंच व्हायचं. नाव काय, कुठून आलात, आधी का नाही आलात, कागद कुठंय. ते विचारायला आलेले असायचे आणि पहिले चार प्रश्न मीच विचारलेले असायचे.

विचारणाऱ्याला कसं वागवावं याचं जुनं उदाहरण शोधायला मी पुढे उपनिषदांची भाषांतरं वाचायला लागले, काही कळलं, पुष्कळसं नाही कळलं. प्रश्नोपनिषदाची सुरवात मात्र मनात घर करून बसली. सहा जण हातात समिधा घेऊन पिप्पलाद ऋषींकडे जातात, त्यांना विचारायचंय. पिप्पलाद म्हणतात, एक वर्ष इथे राहा, तपाने, ब्रह्मचर्याने, श्रद्धेने राहा, मग काय हवं ते विचारा, आणि पुढे म्हणतात की आम्हाला माहीत असेल तर सगळं सांगू. माहीत असेल तर. एवढा मोठा ऋषी, समोरचे वर्षभर थांबायला तयार, आणि तरी 'माहीत असेल तर'. आमच्याकडे माहीत नसलं तर पलीकडच्या खिडकीवर पाठवतात, मीही पाठवलंय.

पण माझी सगळ्यात लाडकी विचारणारी गार्गी. बृहदारण्यकात जनकाच्या सभेत ती याज्ञवल्क्याला विचारत सुटते, हे कशात ओवलंय, ते कशात ओवलंय, ते तरी कशात, एकाच्या मागे एक, आणि शेवटी याज्ञवल्क्य म्हणतो, 'गार्गि, मातिप्राक्षीः', गार्गी, अतिप्रश्न करू नकोस, डोकं गळून पडेल. ती गप्प बसते. शाळेत आम्हाला गोष्ट इथेच संपवून सांगितली होती, आणि सांगणाऱ्याचा रोख असा की बघा, फार विचारू नये. पुढचं मला मोठेपणी कळलं. त्याच सभेत, मध्ये आणखी एक जण बोलून झाल्यावर, गार्गी परत उठते. सगळ्यांना सांगते की मी याला दोन प्रश्न विचारणारे, आणि मग याज्ञवल्क्याला म्हणते की जसा काशीचा किंवा विदेहाचा वीरपुत्र उतरवलेल्या धनुष्याला दोरी चढवून, शत्रूला भेदणारे दोन बाण हातात घेऊन उभा राहतो, तशी मी दोन प्रश्न घेऊन तुझ्यासमोर उभी राहिलेय. आणि या वेळी तो म्हणतो, 'पृच्छ गार्गि.' विचार.

दोन बाण! हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून तशीच बसून राहिले. मार्गण म्हणजे मागणारा आणि बाण, हे कोड्याने शिकवलं होतं. इथे प्रश्नच बाण झाला होता, विचारणारीच्या हातात. म्हणजे आपण दोन क्रियापदांमध्ये घातलेली भिंत, इकडे मागणारा केविलवाणा आणि तिकडे विचारणारा शहाणा किंवा भोचक, ती त्या एका बाणाने दोन्हीकडून भेदलेली होती. माझे आजोबा मागायला आलेले नव्हते हे खरंच. पण ते मागायला आले असते तरी काय झालं असतं? तिसऱ्यांदा आले होते, घडी पडलेला कागद घेऊन, रांगेत तिसऱ्यांदा उभे राहून. तेही शोधतच आले होते. मला त्या दिवशी 'विचारा आजोबा' एवढंच म्हणायचं होतं, दोन शब्द.

त्यानंतर माझ्यात फार मोठा बदल झाला वगैरे नाही, रांग रांगच असते आणि दुपारी चारला डोकं दुखायचं ते दुखायचंच. एक सवय मात्र लावून घेतली. समोरचा बोलायला लागला की पहिला प्रश्न मी विचारायचा नाही. त्याचं वाक्य पूर्ण होऊ द्यायचं. माणसं किती वेगवेगळ्या दारांनी आपल्या प्रश्नात शिरतात हे तेव्हा कळायला लागलं. 'जरा विचारायचं होतं', 'एक विनंती होती', 'राग येणार नसेल तर', 'तुम्हाला माहीतच असेल', 'मला काही कळत नाही हो यातलं'. एक मुलगा यायचा, कॉलेजातला असेल, तो म्हणायचा 'एक डाउट होता', आणि मला तो शब्द एकदम आवडून गेला, कारण त्यात तो स्वतःला कमीही करत नव्हता आणि मला वरही चढवत नव्हता.

आता एक शब्द राहिला, विचारपूस. यात विचारणे आणि पुसणे, मराठीतली विचारायची दोन्ही क्रियापदं शेजारी शेजारी बसलीयेत, जणू एकाने भागलं नाही म्हणून दुसरं हाताशी घेतलं. आणि गंमत म्हणजे या सगळ्या खटाटोपात विचारणाऱ्याला स्वतःसाठी काहीच नको असतं. याचकासाठी अमरकोशात पाच शब्द, भोचकासाठी आपल्याकडे डझनभर, पण विचारपूस करणाऱ्यासाठी एक सुटसुटीत नाम मला आजतागायत सापडलेलं नाही. 'विचारपूस करणारा' असंच लांबलचक म्हणावं लागतं.

एक बाई होत्या. कामासाठी सहासात महिने येत होत्या, दर वेळी काहीतरी राहायचं, एखादी सही, एखादा दाखला. शेवटी त्यांचं काम झालं, कागद घेऊन गेल्या, मी रजिस्टरमध्ये खूण केली आणि विषय संपला. पंधरा दिवसांनी बघते तर त्या रांगेत. हातात टोकन. माझ्या मनात आलं, आता काय राहिलं असेल, कुठे चूक झाली आपली. त्यांच्यापुढे दहाबारा माणसं होती, त्या तेवढा वेळ शांत उभ्या राहिल्या. नंबर आल्यावर काचेच्या भोकाशी वाकल्या आणि म्हणाल्या, 'काम काही नाही ताई. मागल्या वेळी तुमचा घसा फार बसला होता. बरा झाला का?'

मागून कुणीतरी म्हणालं, अहो लवकर आवरा.

मी म्हटलं, झाला. त्या बरं म्हणाल्या आणि टोकन परत देऊन गेल्या. पुढचा माणूस खिडकीशी आला, कागद काचेला लावला आणि म्हणाला, 'मॅडम, जरा विचारायचं होतं.'

'विचारा,' मी म्हटलं.